सुपारी फुटण्याआधीचा डाव

एकतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात काढली. त्यातली पहिली दोन मला परीक्षेच्या मार्कांवर मिळाली, आणि बाकीची सगळी तीन पत्तीच्या एका डावात. निरोपसमारंभात मी हे सांगितलं तर लोक खो-खो हसले, आणि साहेबांनी घाईघाईनं मला शाल पांघरवून खाली बसवलं. असा राग आला म्हणून सांगू, की शाल तिथंच टाकून निघून यावं. पण शाल चांगली होती.

रागाचं आधीच सांगून ठेवते. मला तो येतो. आईच्या म्हणण्याप्रमाणे मी जन्मले तेव्हा रडले नाही, भांडले. बावीस वर्षांची झाले तरी काही फरक नव्हता, आणि ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी तर मी बावीसचीच होते.

तेव्हा एसटीडी यायचं होतं. नागपूरहून रामटेकला बोलायचं म्हटलं तरी ट्रंक कॉल बुक करायचा आणि देवाचं नाव घेत बसायचं. आम्ही वीसेक जणी एका रांगेत बोर्डासमोर बसायचो, कानाला हेडफोन लावून. दोन माणसांना जोडून दिलं की मधे ऐकायचं नाही असा नियम होता. नियम होता, एवढंच म्हणते. लाइन नीट लागली का हे पाहायला कान लावावाच लागायचा, आणि लावलेला कान लगेच काढायला आम्ही काही साधुसंत नव्हतो.

त्यामुळे झालं काय, मला माणसांचा आवाज कळायला लागला. वर्ध्यात बसलेला नवरा बायकोला सांगायचा की मी अमरावतीला आहे, आणि तिनं न विचारताच अमरावतीला ऊन किती आहे, बस कितीला सुटते, सगळं सांगत सुटायचा. खोटं बोलणाऱ्याला माहिती फार. घाबरलेला माणूस मात्र 'हो' दोनदा म्हणतो, आणि दुसरा 'हो' पहिल्यापेक्षा बारीक असतो. मला याचा फार गर्व होता. माणसाचं तोंड न पाहता मी त्याचं पोट ओळखते, असं मी सगळीकडे सांगत फिरायची.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही मागच्या खोलीत चिंचोके लावून तीन पत्ती खेळायचो. शिकवणाऱ्या आमच्या मोठ्या बाई, सगळ्यांत जुन्या ऑपरेटर, तपकीर ओढणाऱ्या. खेळ काही अवघड नाही. प्रत्येकाला तीन पानं. पाहून चाल मारायची, नाहीतर न पाहताच मारायची, तिला ब्लाइंड म्हणतात, आणि न पाहणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याला दुप्पट टाकावं लागतं. भीती वाटली की पॅक म्हणून पानं खाली ठेवायची. शेवटी उरेल त्याचं सगळं. दोघंच उरले तर शो मागता येतो, मग ज्याची पानं मोठी तो जिंकला.

मी रोज हरायची. मोठ्या बाई म्हणायच्या, तू रागानं चाल मारते, आणि राग हे काही पान नाही. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याजवळ काय आहे ते शेवटी पाहायचं, आधी समोरचा केव्हा भ्याला ते ऐकायचं, आणि तो भ्याला की मागेपुढे न पाहता मारायची. 'अन् तुले तं ऐकायचाच पगार भेटते,' असंही वर म्हणायच्या. हे मला पटलं. तरीही मी हरायचीच, पण पटलं होतं.

तर अशात माझं लग्न ठरलं. मुलगा वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क. आईवडील रामटेकजवळच्या खेड्यात, धानाची शेती. मुलगा मला आवडला होता, आता कशाला लाजायचं. पहिल्या भेटीत अंगणातल्या जांभळीखाली पाच मिनिटं बोलायला दिलं तेव्हा तो म्हणाला होता, 'नोकरी सोडू नका. मले अभिमान वाटते.' त्या पाच मिनिटांवर मी होकार दिला.

फलदान आमच्या घरी ठरलं, धंतोलीच्या मागच्या गल्लीत, ऐन मे महिन्यात. फलदान म्हणजे साखरपुडाच, त्यात सुपारी फोडली की शब्द पक्का, मग कोणाचा बाप आला तरी मोडत नाही. मुहूर्त संध्याकाळी साडेपाचचा. पण उन्हात कोण येणार, म्हणून मंडळी सकाळच्या बसनंच आली. चौघं. होणारे सासरे, होणाऱ्या सासूबाई, सासऱ्यांचे धाकटे भाऊ म्हणजे काकाजी, आणि आमचे हे.

जेवायला वडाभात, सांबारवडी, आमरस. सासऱ्यांनी तीन वाट्या रस घेतला, ढेकर दिला, आणि म्हणाले की पोरगी पसंत आहे, घर पसंत आहे, फक्त ते टेलिफोनचं सोडावं लागन. दिवसभर परक्या माणसांशी बोलायचं, हे आमच्यात नाही. मग त्यांनी कारणही सांगितलं. मागे एकदा ते रामटेकच्या पोस्टात नागपूरचा कॉल लावून चार तास बसले होते. चार तासांनी नागपूरची एक बाई लाइनवर आली आणि पार्टी उचलत नाही म्हणून असं खेकसली की त्यांच्या हातातून फोन पडला. तशी सून आपल्याले नको, असं ते म्हणाले.

मी तूप वाढत होते. रामटेकचा बोर्ड त्या दिवसांत बहुतेक माझ्याकडेच असायचा. मी खाली मान घालून तूप वाढत राहिले.

बाबा म्हणाले, पाहू. सासरे म्हणाले, पाहू नाही, सुपारी फोडायच्या आधी शब्द पाहिजे. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. जांभळीखालचा अभिमान कुठं गेला होता कोण जाणे. हे उठले, बादली घेतली, आणि कूलरमधे पाणी टाकायला गेले. त्या दिवशी नोकरीचा विषय निघाला की हे कूलरमधे पाणी टाकायला जायचे. शेवटी कूलर वरून वाहायला लागला आणि बैठकीत चिखल झाला, पण माणूस थांबला नाही.

आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, हो म्हणून टाक वं, पुढचं पुढे पाहू. मी म्हटलं मी नाही म्हणणार. ती म्हणाली, मग बाबा म्हणतील. आणि खरं होतं ते. बाबा हो म्हणणार होते. माझा बाप भला माणूस, भाजीवाल्याशीसुद्धा भाव करत नव्हता. साडेपाचपर्यंत कधी ना कधी ते 'बरं' म्हणणार, सुपारी फुटणार, आणि सोमवारी मला राजीनामा लिहावा लागणार, हे मला लख्ख दिसत होतं. माझ्या हातात चार-साडेचार तास होते आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. मी लसूण असा ठेचला की खलबत्त्याचा आवाज शेजारी गेला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. पाहुण्यांना कुठं फिरवून आणावं म्हटलं तर जिवंत परत येण्याची खात्री नाही. तेव्हा काकाजींनी बंडीच्या खिशातून पत्त्यांचा जोड काढला. तीन पत्ती होऊन जाऊ द्या म्हणाले. बाबा म्हणाले की शुभकार्याच्या घरात पैसे नकोत. मग काय लावायचं? आईनं फलदानासाठी पिशवीभर अख्ख्या सुपाऱ्या आणून ठेवल्या होत्या. काकाजींनी त्या सतरंजीवर ओतल्या आणि तिघांत वाटून टाकल्या. बाबा, सासरे, काकाजी. हे कूलरजवळ उभे.

खेळाला बसायच्या आधी आईनं बाबांना दाराआड बोलावून ताकीद दिलेली मी ऐकली होती. व्याह्याला हरवायचं नाही. मुलीकडच्यांनी मुलाच्या बापाला पत्त्यांत हरवलं तर तो सगळा राग मुलीवर काढतो, अशी तिची समजूत. बाबांनी मान डोलवली होती.

आता गंमत पाहा. अर्धा तास झाला असेल. सासूबाई आमच्याबरोबर कुरडया तळत होत्या. बाहेरून सारखं पॅक, पॅक ऐकू येत होतं. त्या हळूच हसल्या आणि आईला म्हणाल्या की आमचे आज बरे वागून राहिले. मग त्यांनी सांगितलं. मोठ्या मुलाचं पहिलं स्थळ पत्त्यांपायी मोडलं होतं. असेच पाहुणे म्हणून गेले असताना सासऱ्यांनी मुलीच्या बापाला पार धुऊन काढलं, आणि वरून म्हणाले की पानं कळत नाहीत तं पोरगी कशी पोसली. तो माणूस भरल्या ताटावरून उठला. म्हणून या खेपेस सासूबाईंनी निघतानाच नवऱ्याला गडावरच्या रामाची शपथ घातली होती की तिथं पत्ते खेळाल तर मुलीच्या बापाले हरवायचं नाही.

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. मग तीही हसायला लागली आणि तिनं आपली ताकीद सांगितली. दोघी तोंडात पदर कोंबून इतक्या हसल्या की कढईतली कुरडई काळी झाली. मी म्हटलं, मग सांगा ना त्यांना जाऊन. दोघी एकदम म्हणाल्या, काहून? चाललं आहे ते चांगलं चाललं आहे.

मी दारातून पाहिलं. बापरे, काय तो खेळ! काकाजी पानं वाटत. बाबा उचलत, पाहत, आणि पॅक. त्यांच्या मागोमाग सासरे पॅक. पुढे पुढे दोघांत शर्यतच लागली. बाबा पहिलं पान पडताच पॅक म्हणायला लागले तेव्हा सासरे व्याह्यावर चिडून म्हणाले की तीन पानं तं येऊ द्या इवाई, काही रीत आहे का नाही. सासऱ्यांची तर हालत पाहवत नव्हती. चांगली पानं आली की त्यांच्या मिशा थरथरायच्या, हात आपोआप सुपाऱ्यांकडे जायचा, आणि मग शपथ आठवली की दुसऱ्या हातानं तो हात मागे ओढायचे. बाबा एकदा पाणी प्यायला आत आले. अख्खा तांब्या प्यायले आणि आईला अगदी रडवेल्या आवाजात म्हणाले, 'तीन एक्के टाकून आलो. जन्मात पहिल्यांदा आले होते.'

सुपाऱ्या सगळ्या काकाजींपुढे. काकाजींना शपथही नव्हती, ताकीदही नव्हती, आणि खरं सांगायचं तर खेळही येत नव्हता. पण ढीग वाढला तसा त्यांचा आवाज बदलला. ते दोघांना शिकवायला लागले. तुम्ही भित्रे आहा, म्हणाले. पत्त्यात मारावं लागते. केव्हा मारावं हे ज्याले समजलं तो राजा. आणि दोन कसलेले म्हातारे त्यांच्यासमोर मान खाली घालून ऐकून घेत होते.

चार वाजले. मी पन्ह्याचे पेले घेऊन बाहेर आले तेव्हा सासऱ्यांनी तोच विषय परत काढला. पानं पिसता पिसता म्हणाले, तं इवाई, पोरीच्या नोकरीचं सोडायचं पक्कं समजू ना?

बाबांना दोन तास हरायची इतकी सवय होऊन गेली होती की त्यांनी वरही पाहिलं नाही. 'तुम्ही म्हणाल तसं,' ते म्हणाले. पॅक म्हणावं तसंच.

माझं डोकं फिरलं. पेल्यांचं ताट मी कुठं ठेवलं मला आठवत नाही. आई सांगते की ह्यांच्या हातात दिलं, ते दुसऱ्या हातात बादली धरून उभे होते. मी सतरंजीवर बाबांच्या आणि सासऱ्यांच्या मधे जाऊन बसले. होणारी नवरी, जरीचं लुगडं, डोक्यावर पदर, आणि मांडी ठोकून बसले पुरुषांच्या डावात.

मी सासऱ्यांना म्हटलं, 'मामाजी, एक डाव माझ्याशी. मी हरले तर सोमवारी राजीनामा देते. तुम्ही हरले तर हा विषय आयुष्यात काढायचा नाही.'

बाबा म्हणाले, अगं. एवढंच.

मी काही फार शूर नव्हते, कबूल करते. त्यांना हरायची शपथ आहे हे मला ठाऊक होतं, आणि माझं निम्मं धाडस त्या शपथेच्या जिवावर होतं. पण सासऱ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. दोन तास मेल्यासारखा बसलेला माणूस ताठ झाला. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. शपथ मुलीच्या बापाला न हरवण्याची होती, मुलीला न हरवण्याची नव्हती, हे त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आलं आणि माझ्या त्यानंतर आलं.

'बस,' ते म्हणाले. 'वाट रे पानं.'

पण लावायचं काय? सगळ्या सुपाऱ्या काकाजींच्या, आणि ते देईनात. कमावल्या आहेत म्हणाले. त्यांची समजूत काढण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी बाबांनी भटजींची भीती घातली, सुपारीशिवाय फलदान कसं होईल म्हणून, तेव्हा त्यांनी तोंड वाकडं करून दोन सारखे ढीग केले. एक माझ्यापुढे, एक सासऱ्यांपुढे. पानं वाटायचा मान मात्र त्यांनी आपल्याकडेच ठेवला.

तीन पानं मला, तीन त्यांना. त्यांनी आपली उचलून पाहिली. मी नाही पाहिली. हिशेब वगैरे काही नव्हता त्यात, माझे हात थरथरत होते आणि पानं उचलली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून मी हात पदराखाली ठेवले आणि एक सुपारी पुढे सारली. ब्लाइंड.

त्यांनी दोन टाकल्या. मी दोन केल्या, त्यांना चार टाकाव्या लागल्या. मी चार केल्या. त्यांनी आठ मोजून ठेवल्या, शांतपणे. मला बोर्ड दिसत होता. माझी खुर्ची, शेजारणीची खुर्ची, दुपारी येणारा चहा. घरी मी कोणाची तरी पोरगी होते आणि पुढे कोणाची तरी सून होणार होते, पण तिथं मला नंबर होता आणि त्या नंबरवर कोणी ओरडलं तर मी उलट ओरडू शकत होते. ती जागा माझी होती हो. ती जाणार म्हणून मला रडू फुटायला आलं होतं आणि ते रडू मी रागानं दाबून धरलं होतं.

माझा हात परत सुपाऱ्यांकडे गेला, आणि मोठ्या बाईंचं आठवलं. ऐकायचं. मी विचारलं, 'मामाजी, पुढे खेळता ना?'

'हो,' ते म्हणाले. मग म्हणाले, 'हो, खेळतो ना.'

दोनदा! आणि दुसरा 'हो' असा बारीक, असा चिरकलेला, की ट्रंक लाइनवर जगन्नाथपुरीहून आला असता तरी मी ओळखला असता. माणूस भ्याला होता. म्हणजे हातात काही नव्हतं. दुर्र्या-तिर्र्या घेऊन बसला होता आणि मला दडपत होता! माझ्या अंगात असं वारं भरलं. मी दोन्ही हातांनी उरलेल्या सगळ्या सुपाऱ्या मधे ढकलल्या. पानं अजून पालथीच.

आता त्यांना दोनच वाटा होत्या. होतं नव्हतं तेवढं टाकून शो मागायचा, नाहीतर पॅक.

ते माझ्याकडे पाहत राहिले. निदान मला तसं वाटलं. काकाजींनी श्वास रोखला होता. ह्यांच्या हातातली बादली कलंडून पाणी वाहत होतं. सासऱ्यांनी एकदा सुपाऱ्यांना हात लावला, काढला, परत लावला. त्यांच्या कपाळावर घाम आला, कूलरसमोर. मग त्यांनी एक लांब उसासा टाकला आणि पानं खाली ठेवली.

'पॅक,' ते म्हणाले. 'करू द्या नोकरी.'

मी जिंकले. मी जिंकले! माझ्या मनात तर मी तेव्हाच मोठ्या बाईंना जाऊन सगळं सांगायला लागले होते, आवाज कसा ओळखला ते. तेवढ्यात काकाजींनी, मोठा खेळाडू ना, सासऱ्यांची पानं उलटी केली.

चौकटचा राजा, चौकटची राणी, चौकटचा गुलाम.

एकाच रंगाची ओळीनं तिन्ही, हरायची पानंच नव्हेत ती. काकाजींनी मग माझीही उलटली. किलवरची दुर्री, बदामची चौकी, इस्पिकची अठ्ठी. याहून रद्दी पानं त्या जोडात शोधून सापडली नसती.

'दादा, तुले भूतबाधा झाली का?' काकाजी कळवळून म्हणाले. सासरे म्हणाले, गरमी फार आहे, आणि पन्ह्याचा पेला तोंडाला लावला. पेल्याच्या वरून ते पाहत होते, आणि माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या डोक्यावरून, माझ्या मागे पाहत होते. मी वळून पाहिलं.

मागे दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात झारा, डोक्यावर पदर, आणि नजर नवऱ्यावर. एवढीशी बाई, पण ती नजर पाहून मीसुद्धा जागची हलले. मी आवाज ओळखला होता तो बरोबरच होता. माणूस भ्यालाच होता. फक्त पानं वाईट आली म्हणून नाही, फार चांगली आली म्हणून, आणि ती टाकून द्या म्हणणारी समोर उभी होती म्हणून. गेली दोन वर्षं मी ज्या कानाचा गर्व मिरवत होते त्या कानानं मला बरोबर ऐकवून सपशेल फसवलं होतं.

बैठकीत एकदम सगळे बोलायला लागले. बाबांना हसू आवरेना, ते सासऱ्यांना तीन एक्क्यांचं सांगायला लागले, सासरे उसळून आपल्या टाकलेल्या पानांची यादी सांगायला लागले, आणि दोघांनी मिळून काकाजींना असं धारेवर धरलं की विचारू नका. आमचे हे बादली ठेवून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, 'मी म्हटलं होतं ना, नोकरी ठेवा.' त्यांना मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही, कारण पुढे चाळीस वर्षं त्यांच्याशीच संसार केला.

मी आत गेले. आई मुहूर्ताची तयारी करायला देवघरात गेली होती. सासूबाई एकट्याच कढईसमोर बसल्या होत्या, जसं काही झालंच नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले. विचारलं, तुम्हीच ना? त्यांनी एक कुरडई तेलात सोडली. मी म्हटलं की शपथ तर बाबांपुरती होती, मग मला काहून जिंकवलं?

त्यांनी कुरडई काढली. मग तेलाकडेच पाहत सांगितलं. त्या सातवी पास होत्या. त्यांच्या काळात खेड्यात सातवी झालेली बाई म्हणजे नवल होतं. लग्न होऊन वर्ष झालं होतं तेव्हा गावच्या शाळेसाठी मास्तरीण पाहिजे होती, आणि शाळेचा माणूस ऑर्डर घेऊन घरी आला होता. त्यांच्या सासऱ्यांनी ती ऑर्डर वाचली, घडी केली, आणि चुलीत घातली. त्या तिथंच बसून भाकरी थापत होत्या. त्याच जाळावर ती भाकरी भाजली, आणि सगळे जेवले.

'तुम्ही काही म्हटलं नाही?' मी विचारलं.

'नाई,' त्या म्हणाल्या. 'असं मधात जाऊन बसता येते, हे मले सुचलंच नाही, वं. आज तू बसली तवा समजलं.'

मी रडले. जिंकायच्या आधी जे दाबून धरलं होतं ते सगळं रडले. त्यांनी मला उगी केलं नाही. कढई उतरवली, हात पुसले, आणि जवळ बसून राहिल्या. बाहेर भटजी आल्याचा आवाज झाला, तरी त्या उठल्या नाहीत.